दुधी सोडून

“ताई, तेवढं मीठ बघा की.”

दाराबाहेर चपला काढून मगदूम अण्णा उभे. एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्यात चमचा. वाटीत तुरीची आमटी. मी चमचाभर आमटी तळहातावर घेतली, चाखली.

“मीठ बरोबर. तिखट फार झालंय.”

“किती फार?”

“घाम फुटेल इतकं.”

“मला फुटला न्हाई,” अण्णा म्हणाले. “मी वाटीभर पिऊन आलोय.”

दोघंही हसलो. खालच्या मजल्यावरच्या सगरेवहिनी जिन्यातून चालल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “आज आमटी वाटतं? काल पिठलं होतं ना?”

“उद्या वांगी,” अण्णांनी उत्तर दिलं. “येताय का चाखायला? ताईंना तेवढीच सुट्टी.”

सगरेवहिनी गेल्या. अण्णा मला म्हणाले, “कंडक्टरनं डबल घंटी मारल्याबिगर मी कधी गाडी हलवली न्हाई. एकतीस वर्षं. आता तुम्ही ‘मीठ बरोबर’ म्हटल्याबिगर घास हलत न्हाई.”

हे मिरजेतलं, २०२१ च्या जूनमधलं. एप्रिलमध्ये अण्णा आणि कमलवहिनी दोघंही कोरोनानं दवाखान्यात होते. वेगवेगळ्या वॉर्डात. वहिनी परत आल्या नाहीत. अण्णा आले ते चव आणि वास तिथंच ठेवून. महिन्याभरात येईल परत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आलं नव्हतं.

ते तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून. मी पहिल्यावर. दोघंही एकेकटे.


१. बी निवडणे

आता चार वर्षांनी, परवा पद्माचा फोन आला. पद्मा म्हणजे मगदूम अण्णांची मुलगी, सोलापूरला असते.

“ताई, नवीन घराला गॅलरी आहे. ऊन चांगलं येतं. काहीतरी लावावं म्हणते. पण माझ्या हातनं काही उगवतच नाही. बी कसं रुजवायचं ते लिहून पाठवा ना. अगदी पहिल्यापासून. एक दोन तीन करून.”

“काय लावायचंय?”

“काहीही. मेथी, मिरची, टोमॅटो. काहीही चालेल.” मग थोडं थांबून म्हणाली, “दुधी सोडून.”

म्हणून कागद घेतला.

बी भरलेलं, जड, सुरकुत्या नसलेलं घ्यावं. वाटीभर पाण्यात टाकावं. तळाशी बसेल ते ठेवावं, तरंगेल ते टाकावं. दुधीचं बी मात्र चांगलं असलं तरी तरंगतं, त्याला हा नियम

शेवटचं वाक्य खोडलं. तिनं दुधी सोडून म्हटलंय.


१. बी निवडणे

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णा वाटी न घेता आले. हातात फडक्याची पुरचुंडी होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती सोडली. आत राख, राखेत बिया. मोजून आठ.

“हिचं बी हाय,” ते म्हणाले. “दुधीचं. हिच्या माहेरचं, शिरोळकडचं. दरसाल भावाच्या बांधावर लावायची, दरसाल एक दुधी बियाला ठेवायची. औंदा कोण ठेवणार?”

“कधीचं आहे?”

“ते तिला म्हाईत.”

मी एक बी उचललं. राखेनं करडं झालेलं, चिवट, नखानं दाबलं तरी दबत नव्हतं.

“मी तिचं तोंड बघितलं न्हाई, ताई,” अण्णा म्हणाले. “पलीकडच्या वॉर्डात होती. मला चार दिवसांनी सांगितलं. तवर सगळं उरकलं होतं. निदान हे तरी वर येऊ दे. मला बघू दे.”

मी बी परत राखेत ठेवलं.

“तुमच्या हातनं उगवलं न्हाई, असं कधी झालंय का?”

“नाही,” मी म्हणाले.

ते खरंच होतं. मी तेव्हा कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, सव्वीस वर्षांपासून. दर जूनला पोरांसाठी ओल्या टिपकागदावर हरभरे आणि मका रुजवायचं काम माझं. घरी तो नादच लागला. बिल्डिंगमध्ये कुणाच्याही कुंडीत मिरची दिसली, तर रोप माझं असायचं. शालनताईंच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. मलाही ते ऐकायची सवय झाली होती.


२. भिजत घालणे

कोमट पाण्यात रात्रभर. नंतर ओल्या सुती फडक्यात, उसळीसाठी मटकी बांधतो तसं गच्च बांधून उबेला ठेवावं. मी फ्रिजच्या वर ठेवते. मागच्या बाजूनं ऊब येते.

कमलवहिनींच्या बिया तशाच ठेवल्या. दोन दिवसांनी आठ कागदी कप घेतले, बुडाला भोकं पाडली, चाळलेली माती आणि नारळाचा भुसा भरला. टोकाकडची बाजू खाली ठेवून बी बोटाच्या एका पेराइतकं आत. कपांवर काळ्या पेननं लिहिलं: क १, क २, क ३, असं क ८ पर्यंत.

अण्णांनी विचारलं, “क कशाचा?”

“कमलवहिनींचा.”

त्यांनी एकेका कपावरून बोट फिरवलं. “नंबर पडले म्हणजे गाडी सुटणार,” ते म्हणाले.


३. वाट पाहणे

दुधी सहा ते आठ दिवसांत वर येतो.

चौथ्या दिवशी अण्णा: “काय हाललं?”

सातव्या दिवशी: “काय हाललं का वो?”

नवव्या दिवशी वाटी आणलीच नाही. गॅलरीत स्टूल ओढून कपांसमोर बसले. तासभर. मी चहा दिला, तो गार झाला.

“अण्णा, जेवलात का?”

“कोल्हापूरच्या स्टँडवर असंच असायचं,” ते कपांकडे बघत म्हणाले. “गाडी रद्द झाली म्हणून पुकारा व्हायचा. तरी चार माणसं फलाटावर बसून ऱ्हायची. एखाद्याला उठवायला गेलं तर चिडायचा. म्हणायचा, तुम्हाला काय म्हाईत?”

बाराव्या दिवशी आले, बघितलं आणि काही न विचारता गेले. जिन्यात त्यांची पावलं दोनदा थांबली.


३. वाट पाहणे

ते गेल्यावर मी टूथपिकनं कप उकरले. हे कधीही करू नये.

क १ चं बी लिबलिबीत झालं होतं, वास येत होता. क ४ चंही. बाकीची सहा तशीच होती. करडी, बंद, जशी पेरली होती तशी. चिवट.

मी ठरवलं, मेली.


३.

मांडणीवर काचेच्या बाटल्या होत्या. एकीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: दुधी, मागच्या अंगणातला, २०२०. आदल्या वर्षी बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर माझा वेल होता. लॉकडाउनमध्ये अख्ख्या बिल्डिंगनं त्याचे दुधी खाल्ले होते. सगरेवहिनींनी हलवा केला होता. त्यातला एक मी वेलावरच वाळवून बिया काढल्या होत्या.

चार बिया भिजत घातल्या. चौथ्या दिवशी फडकं सोडलं तर पांढरे कोंब.

त्यातल्या दोन क ३ आणि क ५ मध्ये ठेवल्या. आठही कपांतल्या जुन्या बिया, मातीसकट, गच्चीवरच्या कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीत ओतल्या. रिकाम्या कपांत पुन्हा माती भरली. अण्णांनी मोजले तर आठ भरायला हवे होते.

पाचव्या दिवशी सकाळी क ३ मध्ये माती उचकटली. हिरवी कमान. मी जिन्यातूनच ओरडले, “अण्णा, या!”

ते धावत आले. हाताला पीठ लागलेलं. रोपानं दोन दलं वर काढली होती आणि बियाचं टरफल टोपीसारखं अजून डोक्यावर होतं. अण्णा गुडघ्यावर बसले.

“कमल,” म्हणाले.

बाकी काही नाही. पीठ लागलेला हात त्यांनी कपाच्या आसपास धरला, वारा लागू नये तसा.

मी आत गेले आणि गॅसवर दूध नव्हतं तरी बघून आले.


४. रोप मोठ्या भांड्यात लावणे

चार खरी पानं आली की.

अण्णांनी गच्चीवर निळा ड्रम कापला. सुतळीचा मांडव केला. ऑगस्टमध्ये वेल पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. रोज संध्याकाळी ते पद्माला फोन करायचे. “आईचा वेल टाकीला पोचला.” “आईच्या वेलाला कळी आली.” एकदा सगरेवहिनी मला म्हणाल्या, “वरती रोज बोलत बसतात हो वेलाशी. बायको होती तेव्हा इतकं कधी बोलले नाहीत.” मी म्हणाले, “तेव्हा गाडीवर असायचे.”

वाटी घेऊन ते रोज यायचेच. मीठ बघून घ्यायचे. आता मात्र चमचा परत देताना दर वेळी म्हणायचे, “तुमच्यामुळं, ताई.” मी म्हणायचे, “माझ्यामुळं काही नाही.”


५. फुलं

पद्माला हे नको. मेथीला फुलं येईपर्यंत कोण ठेवतं.


६. पहिलं फळ

सप्टेंबरातला गुरुवार. सकाळी साडेसात. अण्णांनी मला वर बोलावलं.

दुधी दीड हात लांब, फिका हिरवा, अंगावर बारीक लव. त्यांनी तो कमलवहिनींच्या फोटोपुढं ताटात ठेवला होता, हळदकुंकू वाहून. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. फोनवर पद्मा. तिचे केस ओले होते, ती ऑफिसच्या घाईत होती.

“आधी कापा तरी, अण्णा,” पद्मा म्हणाली.

“कापतो की. घाई काय? तुझी आई दुधी कापायला बसली की घरात कुणी बोलायचं न्हाई.”

त्यांनी मधोमध कापला. पांढराशुभ्र गर.

“वास आला का?” पद्मानं विचारलं. मग तिलाच आठवलं. “ताई, तुम्हाला येतोय का? आईच्या दुधीला कापताना काकडीचा वास यायचा. आम्ही लहानपणी कच्चाच खायचो.”

“येतोय,” मी म्हणाले.

अण्णांनी एक फोड सोलली, बशीत ठेवली आणि बशी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

“आज मीठ न्हाई बघायचं,” ते म्हणाले. “आज हिची चव बघायची. मला सांगायची. मी इतके दिवस तेवढ्यासाठी थांबलोय.”

“सांगा ना, ताई,” पद्मा म्हणाली.

मी फोड तोंडात घातली.


६.

“गोड आहे,” मी म्हणाले. “लोण्यासारखी.”

अण्णांनी डोळे मिटले. जीभ स्वतःच्या टाळूला लावून बघितली, जणू माझ्या तोंडातली चव त्यांच्या तोंडात आली असेल. पद्मा फोनवर रडायला लागली आणि हसायलाही लागली. “बाई गं, ऑफिसला उशीर,” म्हणून तिनं फोन बंद केला.

अण्णांनी उरलेला अर्धा दुधी किसला. फडक्यातून पिळला. त्यांच्या जुन्या डेपोतल्या कुणीतरी सांगितलं होतं, सकाळी दुधीचा रस हृदयाला चांगला. पेलाभर भरला.

“घ्या, ताई. तुम्हाला अर्धा.”

“आज गुरुवार, माझा उपास.”

“दुधी चालतो की उपासाला.”

“कॉलेजला उशीर होतोय, अण्णा.”

“मग राहू दे.” ते फोटोकडं वळले, पेला जरासा उंचावला आणि उभ्यानंच प्यायले. थांबून म्हणाले, “गोड हाय म्हणता?”

“हो.”

त्यांनी भांड्यातला राहिलेलाही पेल्यात ओतला.


७.

साडेअकराला सगरेवहिनींचा फोन. अण्णांना उलट्या होतायत. मी रिक्षानं आले. ते मोरीत बसले होते, भिंतीला टेकून. उलटीत रक्त होतं. त्यांना तेव्हाही लाज वाटत होती. “फरशी मी धुतो,” म्हणत होते.

दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. अण्णांच्या कानाजवळ वाकून विचारलं, “आजोबा, सकाळपासून काय खाल्लंत?”

“काय न्हाई. दुधीचा रस.”

डॉक्टर थांबल्या. “कडू होता?”

“मला चव न्हाई, डॉक्टर. कोरोनात गेली.” अण्णांनी मान माझ्याकडं वळवली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाजात तक्रार नव्हती. “पर ताईंनी चाखला हुता. आमचं सगळं ताई चाखतात. गोड हुता.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. “नक्की? अजिबात कडवट नव्हता?”

अण्णाही बघत होते.

“नाही,” मी म्हणाले.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या आणि बाकीचे प्रश्न विचारायला लागल्या. बाहेरचं काही खाल्लं का, पाणी कुठलं प्यायलात, आधी अल्सर होता का, गोळ्या कुठल्या चालू आहेत.

मी बाहेर बाकावर बसले. समोर भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं. मी त्या सातही पायऱ्या वाचल्या. परत पहिल्यापासून वाचल्या. दीड तासानं डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या मागं गेले.

“कडू होता,” मी म्हणाले.

“काय?”

“दुधी. कडू होता.”

“मघाशी तुम्ही...” त्या थांबल्या. “थोडा?”

“नाही. खूप.”

“कडू दुधी विषारी असतो, तुम्हाला माहीत नाही? काय करता तुम्ही?”

“कॉलेजात असते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत.”

त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “याला उतारा नसतो,” त्या म्हणाल्या. “पण दीड तास आम्ही भलतंच शोधत होतो.” आणि आत पळाल्या.


६.

फोड तोंडात घातली आणि दाताखाली येताच कळलं. कारल्यासारखी कडू नव्हे. कारल्याचं कडू जिभेवर राहतं. हे घशात उतरून तिथं धरून बसलं, कुणी आतून चिमटा घ्यावा तसं. काकडीचा वासही येत नव्हता. कसलाच येत नव्हता.

माझी आई काकडी, दोडका, दुधी कापला की आधी टोक चाखायची. कडू निघालं की आख्खं फळ टाकून द्यायची. का, ते मी कधी विचारलं नाही. चव बिघडते म्हणून असेल, असं धरून चालले. पन्नाशी ओलांडली तरी तेच धरून होते.

बशी अजून अण्णांच्या हातांत होती. पद्मा फोनमधून बघत होती. कमलवहिनी फोटोतून.

कडू आहे म्हटलं असतं तर अण्णांनी विचारलं असतं, हिच्या बियाचा दुधी कडू कसा?

मी गिळली. आणि मग म्हणाले ते म्हणाले.


८.

संध्याकाळी मला आत सोडलं. अण्णांच्या दोन्ही हातांना सुया होत्या. पद्मा सोलापूरहून निघाली होती, वाटेत होती.

“डॉक्टरीण म्हणते, कडू हुता,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक.

“हो.”

“तुम्ही गोड म्हणालात.”

“हो.”

ते छताकडं बघत राहिले. ओठ काहीतरी बोलल्यासारखे हलत होते. मी वाकले. त्यांना बी कुठलं होतं ते सांगायला मी वाकले होते. शब्द तोंडात होते.

“मग हिनंच बोलावलं,” अण्णा म्हणाले. “मला वाटत हुतं रागावली असंल. मी तोंड बघितलं न्हाई म्हणून. रागावली नव्हती तर.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. त्या अख्ख्या उन्हाळ्यात, पावसाळ्यात मी तो तसा बघितला नव्हता.

मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ते गेले. पद्मा पोचली होती. तिला बघायला मिळालं.


८.

तिसऱ्या दिवशी पद्मा माझ्याकडं आली. तिचे डोळे सुजले होते, पण ती माझीच समजूत घालत होती.

“रात्रपाळीचे डॉक्टर म्हणाले, एकाच दुधीत एक फोड गोड लागते, एक कडू लागते. असं होतं म्हणे कधीकधी. तुम्हाला गोडच लागली ना, ताई? मी बघितलंय ना फोनवर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मग विचारलं, “शेवटी काही बोलले का?”

मला वाटलं, हे तरी तिला द्यावं. मी अण्णांचं ते वाक्य सांगितलं. हिनंच बोलावलं. रागावली नव्हती.

पद्मानं डोळे पुसले. मग उठली, माझ्याच ओट्यावरची सुरी घेतली, गच्चीवर गेली आणि वेल बुडातून कापला. पाच दुधी होते. एकेक पिशवीत टाकला. “आईनं नेलं त्यांना,” म्हणाली. “माझा विचार केला नाही तिनं.”

शिरोळला तिच्या मामानं बांधावर आपोआप उगवलेला वेल उपटला. घरात आढ्याला टांगलेले बियांचे जुने दुधी होते, तेही जाळले. कमलच्या बियांना बाधा आहे, असं भावकीत झालं. अजून तेच म्हणतात.


५. फुलं

दुधीचं फूल पांढरं असतं, संध्याकाळी उमलतं. नराचं वेगळं, मादीचं वेगळं. पाखरं एकावरून दुसऱ्यावर पराग नेतात. आमच्या मागच्या भिंतीपलीकडं भंगारवाल्याच्या ढिगावर दुधीच्याच जातीचा रानटी कडू भोपळा पसरलेला असायचा. कपडे वाळत घालताना मी तो रोज बघायचे. त्याची फुलंही पांढरी. दोन वेलांमध्ये पाच हातांचं अंतर.

अशा वेळी त्या वर्षीचं फळ गोडच राहतं. कडू उतरतं बियांत. पुढच्या वर्षीच्या वेलात.

हे मी नंतर वाचलं. आमच्याच कॉलेजच्या ग्रंथालयात, प्रयोगशाळेपासून दोन दारं सोडून.


३. वाट पाहणे

अण्णांच्या चौदाव्याला गच्चीवर पत्रावळी ठेवायला गेले, तेव्हा कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीकडं लक्ष गेलं. गवत माजलं होतं. गवतात हिरवी कमान. दोन दलं, आणि डोक्यावर टरफल.

टरफल करडं होतं.

जुन्या बियांचं कवच कठीण होतं. पाणी आत जायला वेळ लागतो. काही बिया महिना घेतात, काही तीन महिने. टोकाला सॅंडपेपर घासला तर लवकर फुटतात. प्रयोगशाळेत सॅंडपेपर होता, ड्रॉवरमध्ये.

मी ते रोप वाढवलं. कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मादीच्या फुलावर माझ्या हातानं पराग फिरवला आणि पाकळ्या दोऱ्यानं बांधल्या, दुसरं काही आत जाऊ नये म्हणून. पहिला दुधी कापला तेव्हा स्वयंपाकघरात काकडीचा वास सुटला. मी ओट्याला धरून उभी राहिले.

चार वर्षं झाली. दरसाल लावते, दरसाल एक बियाला ठेवते. प्रत्येक फळ तीन ठिकाणी चाखते, टोकाला, मधे, देठाजवळ. गोड आहे. चाखते आणि थुंकते. गिळत नाही.


१.

पद्मा, मेथीचं वेगळ्या कागदावर लिहिलंय. ते सोपं आहे. दोन ओळींत आटपतं.

हा कागद दुसरा. तू वाचून होईपर्यंत पुरचुंडी सोडू नकोस. वाचल्यावर मला फोन करायचा की नाही, ते तुझ्यावर.

तुझ्या आईनं कुणाला बोलावलं नाही. तो वेल तिचा नव्हता. तो माझा होता, आणि तो कडू आहे हे त्या घरात मला एकटीला कळलं होतं. अण्णांना मी हे सांगू शकले असते, वेळ होता. मामांना आणि भावकीला हा कागद दाखव.

पुरचुंडीत राखेत आठ बिया आहेत. ह्या तिच्या आहेत.

टोक सॅंडपेपरवर हलकं घास. रात्रभर कोमट पाण्यात ठेव. ओल्या फडक्यात बांधून उबेला. मातीत टोक खाली, एक पेर खोल. आठ दिवसांत आलं नाही तर उकरू नकोस. बारा दिवसांत आलं नाही तरी उकरू नकोस.

फळ धरलं की कापून आधी चाख. टोक, मधला भाग, देठाकडचा भाग. तुझ्या स्वतःच्या जिभेनं. दुसऱ्या कुणी गोड आहे म्हटलं तर त्याच्यावर जाऊ नकोस.